पेटीतला मोडी कागद कोणत्या सालचा?

प्रश्न : आमच्या घरच्या जुन्या पेटीत एक मोडी कागद निघाला. जाणकाराकडून वाचून घेतला. वर ‘सन तिस्सा सलासीन मया व अलफ’ आणि ‘छ ५ रमजान’ असं आहे. खाली गलबत, जकात आणि दस्तक हे शब्द येतात. गावात सगळे याला शिवकालीन म्हणतात. नक्की साल कसं काढायचं?
– एक वाचक, विजयदुर्ग परिसर

उत्तर : कागद शिवकालीन नाही, पण तुमच्या बंदराच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. वरचं साल सुहूर सनातलं, म्हणजे मराठी दप्तरांत वापरल्या जाणाऱ्या जुन्या कालगणनेतलं आहे. ते अरबी संख्याशब्दांत आणि एककापासून लिहितात : तिस्सा ९, सलासीन ३०, मया १००, अलफ १०००. बेरीज ११३९.

सुहूर वर्ष मृग नक्षत्र लागलं की बदलतं. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदाला ६००. कोणता आकडा घ्यायचा, हे महिन्यावरून ठरतं. ‘छ’ म्हणजे चंद्र. त्यापुढे मुसलमानी महिन्याची तिथी असते. त्या वर्षी रमजान डिसेंबरात सुरू झाला होता. तेव्हा ११३९ अधिक ५९९, म्हणजे १७३८ च्या डिसेंबरचा मध्य. चंद्रदर्शनामुळे एखादा दिवस मागेपुढे होतो, म्हणून नेमकी तारीख ठोकून देऊ नका.

चुका बहुतेक इथेच होतात. ‘सबा’ ७ आणि ‘सबैन’ ७०, ‘खमस’ ५ आणि ‘खमसैन’ ५०. मोडीत शेवटचं अक्षर पुसट असलं की पंचेचाळीस-साठ वर्षांचा फरक पडतो. दुसरी चूक फसली सनाची, म्हणजे महसुली वर्षाची. तो सुहूरपेक्षा ९ ने पुढे असतो, त्याला ५९० किंवा ५९१ मिळवतात. शक असेल तर ७८, आणि चैत्रापूर्वीचे, जानेवारी ते मार्चमधले दिवस असतील तर ७९. कागदावर राज्याभिषेक शक दिसला म्हणून तो शिवाजी महाराजांच्या हयातीतला ठरत नाही. १६७४ साली सुरू झालेला हा शक पुढेही चालू राहिला.

आता दस्तक. समुद्रावर परवाना विकत घ्यायला लावण्याची पद्धत पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात बसवली. त्यांच्या परवान्याला कार्ताझ म्हणत, आणि तो नसलेलं जहाज ते जप्त करत. मराठी आरमार सांभाळणाऱ्या आंग्रे घराण्याने हाच हक्क आपल्या किनाऱ्यावर बजावला; त्यांचा परवाना तो दस्तक. इंग्रज कंपनीला हा हक्क मान्य नव्हता. तिची जहाजं पकडली गेली की तिच्या दप्तरात आंग्रे ‘चाचे’ ठरत, आणि तिथून तो शब्द इंग्रजी पुस्तकांत गेला. हे लेबल आपण मराठीत जसंच्या तसं उचलू नये. कान्होजी आंग्रे १७१३ च्या करारानंतर शाहू छत्रपतींचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते. तुमचा कागद संभाजी आंग्र्यांच्या काळातला आहे. उत्तर कोकणात तेव्हा चिमाजी आप्पांची पोर्तुगीजांवरची मोहीम चालू होती, आणि पुढच्या मे महिन्यात वसई पडली. १७५६ साली इंग्रज आणि पेशवे यांनी मिळून विजयदुर्ग घेतला. त्यानंतर तिथे आंग्र्यांचं दस्तक उरलं नाही.

१७३९ च्या या वसईच्या तहाची तारीख तुम्हाला कुठे ५ मे, तर कुठे १६ मे सापडेल. दोन्ही बरोबर आहेत. इंग्रज १७५२ पर्यंत जुनं पंचांग वापरत, पोर्तुगीज १५८२ पासून नवं. अठराव्या शतकात त्यांत ११ दिवसांचं अंतर होतं.

कागदाला सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. आडव्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मागच्या शिक्क्यात बरंच काही सापडतं. मालाचे आकडे किलोत बदलायची घाई नको. खंडी म्हणजे २० मण हे खरं, पण शेर गावोगाव वेगळा होता.

प्रश्न : शाळेच्या प्रकल्पासाठी मुलांनी पोर्तुगीज शब्द गोळा केलेत : साबण, खुर्ची, चावी, तुरुंग, काडतूस, पगार, लिलाव, मिरची. यादी बरोबर आहे का?
– एक शिक्षिका, वेंगुर्ले

उत्तर : खुर्ची आणि मिरची काढा. खुर्ची अरबी-फारसीतून आली. मिरचीचं रोप पोर्तुगीजांच्या काळात अमेरिकेतून आलं, नाव मात्र आपल्या मिऱ्याचंच आहे. रोप आणि शब्द वेगवेगळ्या वाटांनी येऊ शकतात, हे मुलांना इथे छान समजावता येईल. याउलट अननस, काजू आणि पपई ही झाडं नावांसकट आली. साबणापुढे प्रश्नचिन्ह ठेवा, कारण अरबीत ‘साबून’ आणि पोर्तुगीजमध्ये ‘सबाँव’ आहे. दोन्ही वाटा शक्य आहेत. बाकीचे पक्के : चावी ‘शाव्ह’वरून, तुरुंग ‘त्रोंको’वरून, काडतूस ‘कार्तुशू’वरून, पगार ‘पागार’ म्हणजे पैसे देणे यावरून, लिलाव ‘लेइलाँव’वरून. घमेलं, पिंप आणि मेस्त्रीही घाला.

यादी अकारविल्हे न लावता शब्द कुठून आत शिरला त्याप्रमाणे लावा : गोदी, छावणी, बाजार, बाग. तुरुंग, काडतूस, पगार, लिलाव एका ओळीत आले, की त्या सत्तेशी सामान्य माणसाचा संबंध कुठे आणि कसा येत होता ते वेगळं सांगावं लागत नाही.

प्रश्न : फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ मराठी असून रोमन लिपीत का छापलं?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : खिळ्यांमुळे, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांमुळे. गोव्यात छापखाना १५५६ पासून होता, पण खिळे रोमन होते. गोव्यातले इंग्रज धर्मगुरू स्टीफन्स यांची देशी लिपीत छापायची इच्छा होती. मात्र जोडाक्षरं धरून सुमारे ६०० साचे लागतात, हे त्यांनी १६०८ च्या पत्रात लिहून ठेवलंय. रोमनला दोन डझन पुरत. त्यामुळे १६१६ साली गोव्यातल्या राशोल इथे मराठी ओव्या रोमन अक्षरांत छापल्या गेल्या. १६८४ साली गोव्याच्या सरकारने देशी भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढलं. पुढे हस्तलिखितांच्या आधारे १९०७ साली ते मंगळूरला पुन्हा छापलं गेलं. वाचताना ओवी मोठ्याने म्हणा; रोमन स्पेलिंगमुळे डोळा अडखळतो, पण कान लगेच ओळखतो.