आधी दाखल नोंदवही, कपाटं नंतर

स्थानिक संग्रहालयासाठी लोक जुन्या वस्तू आणून देताहेत, त्या वस्तू ठेवायला कपाटं कोणती घ्यावीत, असा प्रश्न आहे. कपाटं थांबतील, नोंद थांबत नाही. वस्तू आली त्याच दिवशी दाखल नोंदवहीत लिहून तिला दाखल क्रमांक द्या. २०२५.४.२ म्हणजे २०२५ सालातल्या चौथ्या देणगीतली दुसरी वस्तू. पुढे देणाऱ्याचं नाव, वस्तू कोण वापरायचं, कशासाठी, कधीपर्यंत, आणि हे कोणी सांगितलं. शेवटचा रकाना बहुतेक जण गाळतात. एकाच वस्तूच्या दोन कहाण्या समोर आल्या की तोच कामाला येतो. नुसतं 'जुना कंदील' लिहिलेला कंदील म्हणजे भंगार.

देणगीपत्रावर सही घ्याच. 'असू दे तुमच्याकडे' या तोंडी बोलण्यावर पुढे वारस येऊन हक्क सांगतात. उसनी वस्तू असेल तर परतीची तारीख लिहा.

क्रमांक धातूवर किंवा चिनी मातीवर लिहिताना आधी पॅरालॉइड बी-७२ (अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेली पारदर्शक अ‍ॅक्रिलिक राळ) चा पातळ थर, त्यावर शाई, वर पुन्हा एक थर. प्लास्टिकवर हे नको, त्यातलं अ‍ॅसिटोन प्लास्टिक विरघळवतं. कपड्याला सुती फितीवर क्रमांक लिहून ती टाके घालून लावा. कागद आणि फोटोच्या मागे मऊ पेन्सिल. चिकटपट्टी कशालाच नको.

कापड, कागद, फोटो यांना ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड नको. उडालेला रंग दिवा बंद केला म्हणून परत येत नाही, म्हणून मांडलेल्या वस्तू तीन-चार महिन्यांनी बदला. आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकून राहिली की बुरशी धरते.

खरी अडचण वेगळीच आहे. ज्यांच्याकडे माळा होता त्यांच्याच वस्तू उरतात. मजुराचं अवजार झिजेपर्यंत वापरलं जातं, भाडेकरू घर बदलताना सामान टाकून देतो. मग संग्रहालयात चार सधन घरांचाच भूतकाळ दिसतो आणि पुढची पिढी त्यालाच सगळ्यांचा समजते. म्हणून ज्यांच्या वस्तू उरल्या नाहीत त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करा : रेकॉर्डरवर वेव्ह (.wav) फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट असं सेटिंग ठेवून, लेखी परवानगीसह. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. बोलणाऱ्याच्या हातात एखादी वस्तू किंवा फोटो दिला की प्रश्न फारसे विचारावेच लागत नाहीत.

दर सहा महिन्यांनी नोंदवही चाळून कोणाचं काहीच आलेलं नाही ते बघा. दालनात त्यांच्या नावाची एक पेटी रिकामीच ठेवा, 'हे आमच्याकडे नाही' अशी चिठ्ठी लावून.