झडप कोणती बसवावी, आणि स्वतःच्या पेशींपासून वाढवलेल्या झडपेसाठी थांबावे का?

आपल्या धाकट्या बहिणीचे वय 29 आहे, लहानपणी आलेल्या संधिवाताच्या तापामुळे तिची मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली) खराब झाली आहे, लग्न झाले असून अजून मूल नाही. शल्यचिकित्सकांनी यांत्रिक आणि जैविक असे दोन पर्याय सांगितले आहेत आणि रुग्णाच्याच पेशींपासून झडप तयार करता येते असे घरात कोणाच्या तरी वाचनात आले आहे, तेव्हा शस्त्रक्रिया पुढे ढकलावी का, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही. माझी नोकरी कृत्रिम झडपांच्या चाचण्या करण्यात गेली, त्यामुळे पदार्थाच्या अंगाने काय घडते तेवढेच मी खात्रीने सांगू शकतो. प्रश्नाच्या शेवटच्या भागाचे उत्तर आधी देतो: पेशींच्या झडपेसाठी थांबू नये. मायट्रलच्या जागी बसवता येईल अशी ती झडप आज कोणत्याही रुग्णालयात नेहमीच्या उपचारात मिळत नाही, आणि थांबण्याच्या काळात हृदयाचा डावा वरचा कप्पा ताणत जातो, फुप्फुसांतला दाब वाढतो. ते नुकसान नंतर कितीही चांगली झडप बसवली तरी पूर्णपणे भरून येईलच असे नाही.

मिनिटाला 72 ठोके धरले तर झडप वर्षाला सुमारे 3 कोटी 78 लाख वेळा उघडते आणि मिटते. म्हणून आंतरराष्ट्रीय मानकानुसार कडक, म्हणजे यांत्रिक झडपेला यंत्रावर 40 कोटी आवर्तने आणि लवचिक, म्हणजे ऊतीच्या झडपेला 20 कोटी आवर्तने सोसून दाखवावी लागतात. पहिला आकडा साधारण दहा वर्षांचा आहे आणि दुसरा पाचांचा. प्रत्यक्षात दोन्ही प्रकार याहून बरेच जास्त टिकतात, पण दोघांकडून किमान अपेक्षा किती वेगळी ठेवली जाते ते यावरून समजते.

यांत्रिक झडपेत आज बहुधा दोन अर्धगोल पाकळ्या असतात आणि त्या पायरोलिटिक कार्बन या कठीण, गुळगुळीत कार्बनच्या असतात. हा पदार्थ मुळात अणुभट्टीच्या इंधनकणांवर लेप देण्याच्या संशोधनातून आला. आपल्याकडे मात्र तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा वैद्यकीय संस्थेने हृदय-शल्यचिकित्सक डॉ. वलियाथन यांच्या पुढाकाराने वेगळी वाट धरली. आयात झडपा सामान्य रुग्णाला परवडत नसत, म्हणून देशी झडपेचे काम हाती घेतले गेले. आधीचे नमुने एकामागून एक बाद झाले: एकात जोड दिलेली जागा तुटली, एकात धातू झिजला, एकात नीलमाची चकती फुटली. शेवटी कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूच्या एकाच ठोकळ्यातून कोरलेला, कुठेही जोड नसलेला सांगाडा आणि त्यात कलणारी पॉलिइथिलीनची चकती ही जोडी ठरली. कृत्रिम खुब्याच्या वाटीत वापरतात त्याच जातीचे हे प्लास्टिक. 6 डिसेंबर 1990 रोजी ही झडप पहिल्या रुग्णाला बसवली गेली. नीलमासारखा कठीण पदार्थ हरला आणि त्याच्या मानाने मऊ प्लास्टिक टिकले, ही गोष्ट आमच्या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावी असे मला वाटते.

यांत्रिक झडप क्वचितच मोडते. तिची खरी अडचण गुठळीची असते. परक्या पृष्ठभागावर रक्तातली प्रथिने काही सेकंदांत चिकटतात, त्यांवर बिंबाणू (प्लेटलेट) येऊन बसतात, आणि बिजागरीच्या खाचेत जिथे प्रवाह मंदावतो तिथे गुठळीला जागा मिळते. महाधमनीच्या तुलनेत मायट्रलच्या जागी प्रवाहाचा वेग कमी असल्यामुळे धोका आणखी वाढतो. म्हणून रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन किंवा ॲसिट्रॉम आयुष्यभर घ्यावे लागते, आणि मायट्रलसाठी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीचा आकडा) साधारणपणे 2.5 ते 3.5 यांच्यात राखावा लागतो. नवी रक्त पातळ करणारी औषधे येथे चालत नाहीत. त्यांपैकी डॅबिगॅट्रान यांत्रिक झडपांवर वापरून पाहिले, तेव्हा गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे चाचणी थांबवावी लागली. वॉरफेरिनच्या परिणामावर पालेभाज्यांचा प्रभाव पडतो, तरी मेथी-पालक बंद करायची गरज नाही. फक्त एक आठवडा रोज आणि पुढचे दोन आठवडे मुळीच नाही, असे करू नये.

जैविक झडप डुकराच्या झडपेपासून किंवा गोवंशीय जनावराच्या हृदयावरणापासून बनवतात. आपल्या घरी हा मुद्दा नाजूक असेल, तर ऊती कोणत्या प्राण्याची आहे ते आधीच विचारावे. असे विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. ही ऊती ग्लुटाराल्डिहाइडमध्ये मुरवतात. 1960च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये शल्यचिकित्सक कार्पांतिए यांनी रुळवलेल्या या रसायनाने कोलॅजनचे धागे एकमेकांशी बांधले जातात आणि शरीराकडून होणारा विरोध बराच कमी होतो. अशा झडपांपैकी बऱ्याच याच द्रावणाच्या बरणीतून येतात आणि त्या बसवण्याआधी परिचारिकेला एकामागून एक सलाइनच्या वाडग्यांत खळबळून धुवाव्या लागतात, कारण उरलेले रसायन पेशींना विषारी असते. पण त्याच रसायनाने ऊतीतल्या पेशी मरतात, आणि मेलेली पेशी कॅल्शियम बाहेर टाकू शकत नाही. तिच्या स्निग्ध आवरणावर कॅल्शियम फॉस्फेटचे कण धरू लागतात. रुग्णाच्या शरीरातून काढलेल्या अशा झडपा मी हाताळल्या आहेत. नवी पाकळी बोटाने सहज दुमडते. काढलेली पाकळी वाळलेल्या पापडासारखी ताठ, मुळाशी खडबडीत खडे, आणि ताण सर्वाधिक असतो त्या कडेला चीर गेलेली.

वय जितके कमी तितके हे कॅल्शियम लवकर साचते. त्यातही मायट्रलच्या जागी ते अधिक, कारण ही झडप मिटते तेव्हा डाव्या खालच्या कप्प्याचा सुमारे 120 मिलिमीटर पाऱ्याचा पूर्ण दाब तिच्यावर येतो, तर महाधमनीच्या झडपेला मिटलेल्या अवस्थेत साधारण 80चा दाब पेलायचा असतो. तेव्हा 29व्या वर्षी जैविक झडप घेणे म्हणजे चाळिशीच्या आसपास, कदाचित त्याआधीच, पुन्हा एका शस्त्रक्रियेची तयारी ठेवणे. जुन्या झडपेच्या आत नळीवाटे नवी बसवण्याची सोय काही रुग्णांत होते, पण प्रत्येक वेळी मार्ग थोडा अरुंद होत जातो, त्यामुळे तिच्यावर पूर्ण भिस्त ठेवू नये.

आता पेशींच्या झडपेविषयी. कल्पना साधी आहे: विरघळणाऱ्या पदार्थाचा किंवा पेशी धुऊन काढलेल्या ऊतीचा साचा घ्यायचा, त्यात रुग्णाच्या पेशी वसवायच्या आणि साचा जाऊन जिवंत झडप उरावी अशी व्यवस्था करायची. 1990च्या दशकाच्या मध्यास बॉस्टनमध्ये मेंढ्यांत अशी एक पाकळी बसवली गेली आणि मोठी आशा निर्माण झाली. 2001च्या सुमारास व्हिएन्नात पेशी काढलेल्या डुकराच्या झडपा चार मुलांना बसवल्या. त्यांपैकी तीन मुले दगावली आणि चौथ्याची झडप खबरदारी म्हणून काढून टाकली गेली. प्रयोगशाळेत निर्जीव व निर्धोक वाटणाऱ्या साच्यावर मुलांच्या शरीराने तीव्र दाहाने हल्ला केला होता. दुसरी अडचण अधिक चिवट आहे. साच्यात शिरणाऱ्या पेशी जखम भरणाऱ्या पेशींसारख्या वागतात आणि धागे ओढून घेतात. त्यामुळे पाकळी आखडते, आणि आखडलेली पाकळी गळते. जर्मनीत हॅनोव्हरच्या गटाने मानवी दात्यांच्या झडपा धुऊन वापरल्या आणि फुप्फुस-धमनीच्या जागी त्यांचे निकाल चांगले आले, पण तिथे दाब कमी असतो. मायट्रल झडप केवळ पाकळ्यांनी काम करत नाही, तिला खालून दोऱ्या आणि स्नायू धरून ठेवतात. तो सगळा सांगाडा कोणी अजून प्रयोगशाळेत वाढवलेला नाही. 2022 मध्ये अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात एका नवजात बाळाला दात्याच्या हृदयातल्या जिवंत झडपा बसवल्या आणि त्या बाळाबरोबर वाढल्या, ही बातमी खरी आहे. पण ते प्रत्यारोपण आहे आणि त्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे लागतात. पेशींच्या नावावर आगाऊ पैसे मागणारा कोणी भेटला तर त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

माझ्या मते आपल्या घरातला निर्णय मुलाच्या प्रश्नावर ठरेल. वॉरफेरिन वारेतून गर्भापर्यंत जाते आणि सहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भात दोष निर्माण करू शकते. रोजचा डोस 5 मिलिग्रॅमपर्यंत असल्यास धोका कमी असतो, पण शून्य नसतो. त्याऐवजी हेपॅरिन हे रक्त पातळ ठेवणारे दुसरे औषध दिले तर बाळ सुरक्षित राहते, मात्र आईच्या झडपेत गुठळी होण्याची भीती वाढते. म्हणून काही स्त्रिया जाणूनबुजून जैविक झडप घेतात, मुले होऊ देतात आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळी यांत्रिक झडपेकडे वळतात. काहींना दुसऱ्यांदा छाती उघडणे नको असते. हा हिशेब बहिणीने स्वतः, पतीबरोबर बसून, हृदयरोगतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ दोघांनाही विचारून करावा. सासर-माहेरच्या बैठकीत तो होऊ देऊ नये.

त्याआधी शल्यचिकित्सकांना एक गोष्ट अवश्य विचारावी: झडप बदलायलाच हवी का, की दुरुस्त करता येईल किंवा फुग्याने रुंद करता येईल? संधिवाताच्या तापाने अरुंद झालेल्या पण अजून लवचिक असलेल्या झडपेत फुग्याचा उपाय कित्येक वर्षे पुरतो. आणि झडप कोणतीही बसो, दर 21 दिवसांचे पेनिसिलिनचे इंजेक्शन डॉक्टर सांगतील तोपर्यंत चालू ठेवावे, तसेच दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला झडपेची कल्पना द्यावी, म्हणजे प्रतिजैविक आधी देता येते.