तेवीस दिवसांनंतर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. तेवीस दिवस गर्दला हात लावला नाहीस हे वाचून डोळे भरून आले. सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोलीत, शेजारच्याला कळू न देता तू टर्की, म्हणजे गर्द तोडल्यावरचा त्रास, काढलीस. नाका-डोळ्यांतून पाणी, जुलाब, अंगावर काटा, हाडं पिळवटून निघणं. मी हे भोगलंय, म्हणून तुझं मोल मला कळतं.

पण पुढचं वाक्य वाचलं आणि रात्रभर झोप लागली नाही. 'थांबता येतं हे आता कळलं, तेव्हा एखाद्या वेळी घेतली तरी बिघडणार नाही.'

ही समजूत तुझी एकट्याची नाही रे. १८७४ साली लंडनमध्ये ऑल्डर राइट या रसायनतज्ज्ञानं अफूतल्या मॉर्फिनपासून गर्दमधला मुख्य पदार्थ पहिल्यांदा बनवला. १८९७ मध्ये जर्मनीत बायर कंपनीच्या फेलिक्स हॉफमननं तो पुन्हा तयार केला आणि पुढच्या वर्षी 'हेरॉइन' या नावानं तो खोकल्यावरचं औषध म्हणून बाजारात आला. क्षय-न्यूमोनियाचे दिवस ते. खोकून खोकून माणसं अर्धी होत, आणि या औषधानं खोकला खरंच थांबे. मॉर्फिनसारखी याची सवय लागत नाही, असं शिकलेसवरलेले डॉक्टरही मानत होते. प्रत्यक्षात शरीरात गेल्यावर हेरॉइनचं पुन्हा मॉर्फिनच होतं. फक्त मेंदूपर्यंत ते जास्त वेगानं पोचतं. १९१३ मध्ये कंपनीनं उत्पादन थांबवलं, १९२४ मध्ये अमेरिकेनं बंदी घातली. तोवर कितीतरी घरं बसली होती.

आपल्याकडे ऐंशीच्या दशकात ते ब्राउन शुगर, म्हणजेच गर्द, होऊन आलं. पन्नीवर ठेवायची, खालून काडी धरायची, धूर ओढायचा. सुई नाही म्हणून भीती नाही, असं आम्हीही एकमेकांना सांगायचो.

माझा एक मित्र होता. नाव लिहीत नाही, त्याची बहीण अजून पुण्यात आहे. घरच्यांनी त्याला दोन महिने गावी नेऊन ठेवलं. परत आला तेव्हा गाल भरले होते, भूक लागत होती, लकडी पुलावर उभं राहून आम्ही तासभर बोललो. चौथ्या दिवशी त्यानं 'एकदाच' म्हणून घेतली, पूर्वी घ्यायचा तेवढीच. सकाळी खोलीचं दार तोडावं लागलं. ओठ निळे पडले होते.

यामागचं कारण नीट समजून घे. रोज घेणाऱ्याचं शरीर हळूहळू मोठी मात्रा सोसायला शिकतं. बंद केल्यावर ते हे विसरतं, आणि फार लवकर विसरतं. मनाला मात्र जुनं माप पाठ असतं. हेरॉइन मेंदूतल्या श्वास चालवणाऱ्या भागालाच मंद करतं; माणूस झोपतो आणि श्वास घ्यायचा राहून जातो. त्यात दारू किंवा झोपेच्या गोळ्या असल्या तर आणखी वाईट. पुडीत काय मिसळलंय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. म्हणून तुझा आजचा चोविसावा दिवस मला पहिल्या दिवसापेक्षा जास्त घाबरवतो.

खोलीतल्या दोघांपैकी एकाला तरी खरं सांग. तू कधी हलवूनही उठला नाहीस, घोरल्यासारखा अडखळता श्वास लागला, तर त्यानं तुला कुशीवर वळवून लगेच १०८ ला फोन करायचा. नालोक्सोन नावाचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर माणूस परत येतो.

आणि एकट्यानं लढू नकोस. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी येरवड्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी त्याला देणगी दिली. बाहेर पडल्यानंतरचा पाठपुरावा तिथे उपचाराइतकाच महत्त्वाचा मानतात. तलफ मारणारी औषधंही आहेत, ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेण्यात कमीपणा नाही. पोलिसांची भीती लिहिली आहेस. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देणारं कलम आहे, ६४ अ. ते मी तुला वाचून दाखवीन.

तुझ्या फोनमध्ये त्या माणसाचा नंबर अजून असेल. हे पत्र खाली ठेवायच्या आधी तो काढून टाक. गुरुवारी सकाळी नऊ वाजता मी सारसबागेच्या गणपतीपाशी थांबतो, तिथून रिक्षानं येरवड्याला जाऊ. मध्ये पुन्हा घेतली गेली असली तरी ये. मी रागावणार नाही.

तुझा,
काका