आईच्या कॅल्शियमच्या गोळीत पॉलिएथिलीन ग्लायकॉल आहे, गोळी बंद करू का?

ताई, गोळी बंद करू नका. आईच्या कॅल्शियमच्या डबीवर पॉलिएथिलीन ग्लायकॉल, आयएनएस १५२१ (आयएनएस म्हणजे खाण्यातल्या मिश्रकांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) असं लिहिलंय आणि हे गाडीच्या कूलंटमधलं विष आहे असं परभणीत कुणीतरी सांगितलं, म्हणून तुम्ही घाबरलात. मी वाळूज एमआयडीसीत गोळ्यांच्या कोटिंगला अकरा वर्षं काढलीत.

कूलंटमध्ये असतं ते इथिलीन ग्लायकॉल. ते पोटात गेलं की लगेच रक्तात उतरतं, शरीरात त्याचं ऑक्झॅलिक ॲसिड होतं आणि किडन्या निकामी होतात. पॉलिएथिलीन ग्लायकॉल म्हणजे त्याच घराण्यातली लांबलचक साखळी. आमच्याकडे ६००० नंबरचं यायचं. पांढऱ्या चकत्या, बोटांत चुरल्या की मेणबत्तीसारख्या लागायच्या. एवढा मोठा रेणू आतडं जवळजवळ शोषतच नाही, आला तसा बाहेर पडतो.

गोळीवर त्याचं काम काय? कोअर, म्हणजे कोटिंग न चढलेल्या गोळ्या पॅनमध्ये फिरत असतात, वरून स्प्रे गनने द्रावण पडतं आणि गरम हवेवर वाळतं. मुख्य पापुद्रा बहुतेक वेळा हायप्रोमेलोजचा, म्हणजे सेल्युलोजपासून केलेला. तो एकटा वाळला तर कडक होऊन तडकतो, पॉलिएथिलीन ग्लायकॉल त्याला लवचीक ठेवतं. एकदा वजन करताना ग्लायकॉल कमी पडलं. सकाळी ट्रे उघडला तर गोळ्यांच्या कडा मे महिन्यातल्या काळ्या रानासारख्या भेगाळलेल्या. अख्खी बॅच बाजूला काढावी लागली.

आता हिशोब बघा. एक ग्रॅमच्या गोळीवर कोटिंग साधारण तीन टक्के, म्हणजे ३० मिलिग्रॅम. त्यातलं ग्लायकॉल पाच-सहा मिलिग्रॅम. रोज चालेल अशी आंतरराष्ट्रीय मर्यादा वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या बाईला ६०० मिलिग्रॅम. बद्धकोष्ठाला डॉक्टर हेच १७ ग्रॅम पाण्यात घालून देतात. तेवढं पोटात जायला तुमच्या आईला जवळपास तीन हजार गोळ्या लागतील.

भीती अगदीच हवेतली नाही, हे मी मानतो. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमध्ये त्याच घराण्यातलं विषारी डायइथिलीन ग्लायकॉल निघालं आणि १४ रुग्ण दगावले. म्हणूनच कच्च्या मालाचा ड्रम आला की आधी नमुना लॅबला गेला पाहिजे, रिपोर्ट आल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. त्यासाठी बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या, आणि फूड सप्लिमेंट असेल तर डबीवर एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर बघा.

क्वचित कुणाला या ग्लायकॉलचीच ॲलर्जी असते. गोळीनंतर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, दम लागला तर थांबू नका, थेट दवाखाना गाठा.

मला त्यापेक्षा टायटॅनियम डायऑक्साइड खटकतं, आयएनएस १७१, गोळीला पांढरंशुभ्र करणारं. युरोपियन युनियनने २०२२ मध्ये ते खाण्याच्या पदार्थांतून काढलं, औषधांत अजून चालतं. अमेरिकेत खाण्यातही एक टक्क्यापर्यंत मुभा आहे. त्याच्याशिवायची गोळी मिळाली तर मी ती घेईन, नाही मिळाली तर कॅल्शियम बंद करणार नाही.

आणि आई थायरॉईडची गोळी घेतात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. घेत असतील तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा, नाहीतर कॅल्शियम तिचं शोषण अडवतं. कार्बोनेटवालं कॅल्शियम असेल तर ते दुपारच्या जेवणाबरोबर द्या.