आधी पायाखालचा काळा दगड

ताई, सहा वर्षांच्या मुलीला दगड-खनिजं ओळखायला शिकवायचंय म्हणता, तर त्यासाठी रत्नांचा तयार डबा मागवू नका. मी तीच चूक केली. रंगवलेल्या, घोटलेल्या खड्यांतून लेक काही शिकला नाही, गोट्या मात्र खेळला.

आपण इंदूरकर लाव्ह्यावरच राहतो, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या. पातालपाणी धबधब्याकडे जाताना काळा बेसाल्ट (थिजलेला लाव्हा) उचला (पावसाळ्यात प्रवाहात अजिबात उतरू नका). त्यातले पांढरे ठिपके दाखवा: ते वायूचे बुडबुडे होते, मागाहून खनिजांनी भरले. पोरांना हे भारी आवडतं.

दुसरी चूक म्हणजे रंगावरून नाव सांगणं. गारगोटी पांढरी, कॅल्साइटही (चुनखडीतलं खनिज) पांढरा. मग करायचं काय?

- स्टीलचा चाकू: कॅल्साइटवर (कठिणता १० पैकी ३) ओरखडा उठतो, गारगोटीवर (७) नाही. चाकू तुम्ही धरायचा.
- व्हिनेगरचा थेंब: कॅल्साइट फसफसतो, गारगोटी ढिम्म. फेस दिसला नाही तर थोडी भुकटी करून बघा.

प्रत्येक दगडावर चिठ्ठी: कुठे सापडला, कधी. नाव नंतर लिहिलं तरी चालेल, जागा मात्र आठवत नाही.

स्फटिकरचना, सूत्रं सध्या राहू द्या. महिनाभर चाकू, व्हिनेगर, चिठ्ठी, हे तीनच. आणि ती रोज विचारेल, "आई, हा हिरा आहे का?" लगेच नाही म्हणू नका, चाकू आणा.