‘निर्व्यसनी माणसालाही झालाच ना?’

“सिगरेट न ओढणाऱ्यालाही कॅन्सर होतोच की. मग मी सोडून काय मिळवू?” घरच्यांनी रेटून माझ्याकडे समुपदेशनाला पाठवलेल्या माणसांकडून हे मी इतक्यांदा ऐकलंय की पहिल्या दोन शब्दांतच पुढचं कळतं.

पन्नाशीचे एक गृहस्थ पहिल्या दिवशी हेच म्हणाले. दाखला घरातलाच होता. सिगरेटला कधी हात न लावलेला धाकटा भाऊ फुप्फुसाच्या कॅन्सरने गेला होता. हे तीस वर्षं ओढत होते आणि ठणठणीत होते. “हा कुठला हिशोब, मॅडम?”

मी हिशोब मांडायला बसले, ही माझी चूक. 30 ते 50 टक्के कॅन्सर टाळता येण्यासारखे असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे बाकीचे नेहमी टाळता येतातच असं नाही, हेही आलंच. सवयी धोका वाढवतात, निकाल देत नाहीत. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या आठवड्यात तेच वाक्य घेऊन परत आले.

चौथ्या भेटीत माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. भावाचा विषय निघाला की हात शर्टाच्या खिशातल्या सिगरेटच्या पाकिटावर जायचा, झाकून धरल्यासारखा. मी विचारलं, “भाऊ कुठे झोपायचा?”

“माझ्याच खोलीत. बारा वर्षं.” बराच वेळ गप्प. “माझ्या धुराने गेला का हो तो?”

‘छे, नाही हो’ म्हणणं सोपं होतं. पण दुसऱ्याच्या धुरानेही हा कॅन्सर होऊ शकतो, हे त्यांना माहीत होतं. मी म्हटलं, “धोका थोडा वाढला असेल. पण त्याला त्यामुळेच झाला की नाही, हे कोणीही सांगू शकणार नाही. तुम्ही मात्र स्वतःला शिक्षा सुनावून मोकळे झालात.”

ते रडले. भावना बदलायची तर तिच्यामागचा विचार शोधा, या पंथातली मी. आणि तो विचार त्या दिवशी हाती लागला. सवयींचा संबंध मान्य केला, तर आपण भावाचे गुन्हेगार ठरतो! म्हणून संबंधच नाकारायचा. घरच्यांनी दाखवलेला प्रत्येक भीतीदायक फोटो तो नकार घट्टच करत होता. तुमच्या घरी असं कोणी वाद घालत असेल, तर आकडे थोडे बाजूला ठेवा. ‘हे खरं मानलंत तर काय होईल, अशी भीती वाटते?’ एवढं विचारा आणि उत्तराची वाट पाहा. ही वाट पाहणंच लोकांना जमत नाही.

दोष बाजूला झाला, तेव्हा त्यांनी खरा प्रश्न विचारला. “आता या वयात उपयोग आहे?” आता आकड्यांची पाळी होती. ब्रिटिश डॉक्टरांचा 1951 पासून 50 वर्षं अभ्यास झाला. पन्नाशीत सिगरेट सोडणाऱ्यांना सरासरी सहा वर्षं जास्त आयुष्य मिळालं.

“आणि साठीत सोडली तर?”

“तीन.”

“म्हणजे साठीपर्यंत थांबलो तर निम्मं गेलं,” म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले.

दोनदा सोडून पुन्हा सुरू झाली. तिसऱ्या खेपेला आठ महिने सुटलेली आहे. खिशावर हात मात्र अजून जातो म्हणतात.