सकाळी गियर न घेणारा ऑटो गियरचा ट्रेलर: कंट्रोलर बदलण्याआधी हे बघा

भाऊ, तुमची पोस्ट वाचून आमचाच ट्रेलर आठवला. तुम्ही लिहिलंय तसंच: सकाळी सेल मारला की डिस्प्लेवर 'एन' (न्यूट्रल) लुकलुकतो, गियर पडत नाही. चावी बंद करून परत मारली की मुकाट चालतो. आणि वर्कशॉपवाले म्हणतात कंट्रोलर, म्हणजे गियर टाकणारा कॉम्प्युटर, बदला. एवढ्यात बदलू नका.

हवेच्या प्रेशरचा काटा, ऑइल, क्लच बघून झालंय असं धरतो.

आधी कोड, म्हणजे बिघाड झाला की कंट्रोलर नोंदवतो तो नंबर. आमचे पैसे इथेच गेले. वर्कशॉपचं नाव घेत नाही, पण बाहेर 'अधिकृत'ची भलीमोठी पाटी होती. पोराने लॅपटॉप लावला आणि काही टिपून न घेता सगळे कोड उडवले. मग ट्रायल. गाडी मस्त चालली, शेरा पडला 'फॉल्ट नाही'. पुढच्या वेळी तेच. शेवटी अंदाजानेच शिफ्टिंगचं अख्खं युनिट बदललं. तक्रार जागेवरच! वर इलेक्ट्रिकल माल परत घेत नाही म्हणून हात झटकले. अहो, कोड कधी आला, किती वेळा आला, याची नोंद कंट्रोलर ठेवतो. पुसली की चोर पळाला. म्हणून लॅपटॉप लावताना स्वतः उभे राहा, स्क्रीनचा फोटो काढा, मगच हात लावू द्या.

आमच्याकडे निघाली अर्थिंग. पासिंगआधी चेसिस रंगवताना इंजिन आणि चेसिस जोडणारी अर्थिंगची पट्टी सोडली होती आणि ताज्या रंगावरच परत आवळली होती. लग (पट्टीचं बोल्टखाली आवळायचं टोक) खाली घेतला तर मागे गुळगुळीत काळा रंग, लोखंड दिसेना. सेल मारताना शेकडो अँपिअर ओढले जातात. परतीची वाट अशी अडली की कंट्रोलरला व्होल्टेज कमी पडतं आणि तो न्यूट्रलमध्येच बसून राहतो.

मल्टिमीटरच्या 'बीप'वर जाऊ नका, पट्टीतली एक तार शाबूत असली तरी बीप येतो. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं गियरबॉक्सच्या बॉडीला, आणि कुणाला तरी सेल मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर पट्टी खोलून घासा. आमचा साधा वायरमन हे चहा थंड व्हायच्या आत करून गेला.

मी मेकॅनिक नाही, गाडीमालक आहे. तुमच्याकडे वेगळंही निघू शकतं. पण घाटात चालत्या गाडीचा गियर सुटून न्यूट्रल होत असेल, तर दुरुस्तीशिवाय लोड भरू नका. उतारावर इंजिन ब्रेक गेला की सगळा भार चाकांच्या ब्रेक ड्रमवर येतो.

आणि हो, टेपसाठी एकाच बॅटरीवरून 12 व्होल्ट काढले असतील तर ती वायर आजच काढा. 24 व्होल्टच्या जोडीतली ती एक बॅटरी कायम उपाशी राहते, आणि सकाळी सेल मारताना तीच झोपते. टेपला कन्व्हर्टर मिळतो.

कोड मिळाला की एसपीएन (बिघाड कुठे) आणि एफएमआय (बिघाड कसला), दोन्ही आकडे इथे टाका. नुसतं 'गियरबॉक्स एरर'वरून कुणालाच काही सांगता येणार नाही.